एक मोबाईल, पाच डोकी : माहिती शोधताना मुलांनी किती जवळ बसावं?



धडा संपला की खाली एखादा उपक्रम असतोच. अमुक गोष्टीची माहिती मिळवा. पूर्वी मुलं ही माहिती आजोबांना विचारून, शेजारच्या काकांना विचारून किंवा वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवून आणायची. आता मोबाईलवर शोधतात, आणि मोबाईल पुरेसे नसल्यामुळे गटाने शोधतात. गट किती जणांचा असावा, गटप्रमुख कोण असावा यावर आपण शिक्षण परिषदेत बरंच बोलतो. पण गटातली मुलं एकमेकांपासून आणि त्या पडद्यापासून किती अंतरावर बसतात यावर फारसं कुणी बोलत नाही. बैठकव्यवस्था म्हटलं की यू आकार, गोल आणि रांगा, एवढ्यावर चर्चा संपते. माझ्या मते माहिती शोधण्याच्या कामात हे अंतर गटाच्या संख्येइतकंच महत्त्वाचं आहे. कोण शोधणार आणि कोण नुसतं बघत बसणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

आधी साधा हिशोब करू. माझ्या चौथीच्या वर्गात २३ मुलं आहेत. लोकवर्गणीतून आलेला एक लॅपटॉप, माझा मोबाईल आणि मागून आणलेले दोन-तीन मोबाईल, म्हणजे एका मोबाईलमागे साधारण पाच मुलं. आता पाच मुलांना एका मोबाईलभोवती बसवून बघा. मधल्या मुलाच्या हातात मोबाईल असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोघांना पडदा तिरका का होईना, पण दिसतो. चौथं मूल समोर बसतं, त्याला सगळी अक्षरं उलटी दिसतात. पाचवं मागे उभं राहून खांद्यावरून डोकावतं, आणि थोड्या वेळाने कंटाळून खिडकीकडे जातं. सहा इंचांच्या पडद्यावरची मराठी अक्षरं वाचायला मूल त्या पडद्यापासून हातभर अंतरातच हवं, आणि हातभर अंतरात तीनच डोकी मावतात. बाकीची दोन मुलं गटात आहेत असं आपल्या नोंदवहीत लिहिलेलं असतं, एवढंच.

आणि उलट्या बाजूला कोण बसतं ते एकदा मुद्दाम टिपून ठेवा. मी टिपलं. बहुतेक वेळा तीच तीच मुलं. ज्यांच्या घरी मोबाईल नाही ती, वाचन कच्चं असलेली, आणि मुलामुलींचा मिश्र गट असेल तर मुली. कुणी त्यांना ढकललेलं नसतं. ज्याला मोबाईल सराईतपणे हाताळता येतो तो आपोआप मधे बसतो, त्याचे मित्र बाजूला बसतात, आणि उरलेली जागा उरलेल्यांना मिळते. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच मूल पडद्यापासून सगळ्यात लांब.

ही गोष्ट आपल्याच वर्गात घडते असं नाही. उदय पवार, जोयोजीत पाल आणि केंतारो तोयामा या मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी २००६ च्या सुमाराला सरकारी शाळांमधल्या संगणकांवर काम केलं होतं. एका संगणकाभोवती मुलांचा घोळका, माऊस मात्र एकाच मुलाच्या हातात, आणि बाकीचे बघे, हे दृश्य त्यांना दिसलं. त्यांनी केलेला उपाय मला फार आवडतो, कारण तो अगदी जुगाडू आहे. जास्तीचे संगणक घेण्याऐवजी त्यांनी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडले आणि पडद्यावर प्रत्येक माऊसला वेगळ्या रंगाचा बाण दिला. माझा बाण लाल, तुझा हिरवा. म्हणजे मूल पडद्याजवळ बसलं आहे एवढं पुरत नाही, त्याच्या हातात काहीतरी असायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या शाळेत हे करायला वेगळा प्रोग्रॅम लागेल, तो मिळेलच असं नाही. पण त्यामागचा विचार उचलता येतो, तो कसा ते पुढे सांगते.

तर मग एकमेकांजवळ बसण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे.

मूल जेव्हा शोधतं तेव्हा ते बोलत असतं. ‘अरे ते नाही, त्याच्या खालचं बघ.’ ‘हे जाहिरातीचं आहे.’ ‘थांब थांब, वर ने.’ बोट पडद्यावर ठेवून दाखवणं, कोपराने ढोसणं, शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसलं की थांबणं, हे सगळं शेजारी बसल्यावरच घडतं. अडखळत वाचणारं मूल नीट वाचणाऱ्याच्या शेजारी बसलं की त्याच्या ओठांकडे बघून वाचतं. टाइप करताना ‘ऱ्हस्व की दीर्घ’ हा वाद होतो आणि शुद्धलेखनाचा एक तास फुकटात मिळतो. (बोलून शोधायची सोय मात्र वर्गात बिनकामाची. पाच गट एकदम माईकमध्ये ओरडले की मोबाईल काहीतरी भलतंच लिहून मोकळा होतो.)

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर उपक्रम पाठवले. मुलांनी घरी बसून उत्तरं शोधली, फोटो काढून पाठवले. ‘इथे बघ’ म्हणायला मात्र शेजारी कुणी नव्हतं. जे मूल अडलं ते अडूनच राहिलं, आणि ते अडलंय हे कुणाला कळलंही नाही. वर्गात अडलेलं मूल शेजाऱ्याला तरी दिसतं.

मोठ्या माणसांचंही असंच असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले थॉमस ॲलन यांनी संशोधन प्रयोगशाळांमधल्या अभियंत्यांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कोण कुणाशी कामाबद्दल आठवड्यातून एकदा तरी बोलतं, आणि त्या दोघांच्या टेबलांमध्ये किती अंतर आहे, हे त्यांनी ताडून बघितलं. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं. आणि साधारण ३० मीटरच्या पुढे गेलं की टेबल तिसाव्या मीटरवर आहे की त्याहून कितीतरी लांब, याने फारसा फरक पडत नाही. बोलणं थांबल्यातच जमा. विशेष म्हणजे फोन आणि ईमेल आल्यावरही हे चित्र पालटलं नाही, असं त्यांनी नंतर लिहिलं. ज्याला आपण रोज समोरासमोर भेटतो, त्यालाच फोनही जास्त करतो. आपल्या स्टाफरूममध्ये आठवून बघा. अडलेली गोष्ट आपण शेजारच्या वर्गातल्या मॅडमना विचारतो, केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतल्या जाणकार सरांना नाही, जरी त्यांचा नंबर मोबाईलमध्ये असला तरी. मुलांच्या बाबतीत हे अंतर मीटरमध्ये मोजून चालणार नाही, ते हातात मोजायचं.

सुगाता मित्रांचा ‘भिंतीतला संगणक’ बहुतेकांनी ऐकलेला असतो. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी आपल्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवला, पलीकडे झोपडपट्टीतली मुलं होती, आणि कुणी न शिकवता ती मुलं तो वापरायला शिकली. प्रशिक्षणात ही गोष्ट सांगतात ती ‘मुलं स्वतः शिकतात’ एवढं सांगण्यासाठी. मला त्यातली गर्दी महत्त्वाची वाटते. तिथे एकटं मूल शिकत नव्हतं. एकाचा हात, त्याला सल्ले देणारे दोघे, आणि मागून बघणारे आणखी काही, असा तो घोळका होता. पुढे मित्रांनी शाळांसाठी जी पद्धत मांडली तिच्यात साधारण चार मुलांना एक संगणक असतो, आणि दोन गोष्टींची मुलांना मोकळीक असते : गट बदलायची, आणि दुसऱ्या गटाचं काय चाललंय ते जाऊन बघायची. आपल्याकडे दुसऱ्याच्या वहीत डोकावणं म्हणजे कॉपी. इथे डोकावायला परवानगी आहे! मूल आपल्या जागेला बांधलेलं नाही, हा त्या पद्धतीचा कणा आहे असं मला वाटतं.

एवढं सगळं चांगलं असेल तर मुलांना चिकटून बसवावं आणि मोकळं व्हावं, असं वाटेल. इथेच खरी अडचण सुरू होते.

माहिती शोधणं हे एक काम नाही, त्यात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम म्हणजे पसरणं. वेगवेगळे शब्द टाकून बघणं, वेगवेगळी पानं उघडणं, एखादं पुस्तक चाळणं, कुणाला तरी विचारणं. दुसरं काम म्हणजे गोळा झालेलं निवडणं, म्हणजे यातलं खरं काय, आपल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं कुठलं हे ठरवणं. निवडताना जवळ बसणं उपयोगी पडतं. पसरताना तेच जवळ बसणं आड येतं.

का आड येतं, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी वेगळ्या निमित्ताने घेतला आहे. एकत्र बसून कल्पना सुचवण्याची पद्धत आपल्याला प्रशिक्षणांमुळे चांगली ओळखीची आहे. मायकेल डिएल आणि वोल्फगांग स्ट्रोब या दोघांनी १९८७ मध्ये तिच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकत्र बसलेल्या गटाला जेवढ्या कल्पना सुचतात, त्यापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तर जास्त भरतात, हे आधीपासून दिसत होतं. त्यांनी कारण शोधलं. एका प्रयोगात माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली, पण रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे लावून दिले. दुसरा कुणी बोलत असेल तर आपण थांबायचं. नुसतं एवढं केल्यावर, एकमेकांची तोंडं दिसत नसतानाही, कल्पना कमी झाल्या. म्हणजे दोष नुसत्या शेजाराचा नव्हता, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा होता. थांबता थांबता सुचलेलं विसरतं, किंवा आता सांगण्यासारखं नाही असं वाटून गिळलं जातं.

आता हे आपल्या मोबाईलला लावून बघा. पाच डोकी, पडदा एक. म्हणजे एका वेळी एकच शब्द टाइप होणार, एकच पान उघडणार. चौघांच्या मनातले शब्द रांगेत उभे. पाळी येईपर्यंत पहिल्याच पानावर उत्तर ‘सापडलेलं’ असतं आणि वह्या उघडलेल्या असतात.

आठवण्याच्या बाबतीतही असंच दिसलं आहे. मेरी सुझन वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की काही माणसांनी एकत्र बसून आठवलं तर त्यांना जेवढं आठवतं, त्यापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकटं आठवून ते एकत्र केलं तर जास्त भरतं. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की प्रत्येकाच्या डोक्यात आठवायची आपली एक वाट असते, आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकताना ती वाट मोडते. शोधायचीही प्रत्येक मुलाची आपली वाट असते. एक मूल चित्रं बघतं, एक व्हिडिओ शोधतं, एक सरळ प्रश्न टाइप करतं, एक उठून वाचनकोपऱ्यातलं पुस्तक काढतं. पडद्यासमोर दाटीने बसली की सगळी एका वाटेने जातात, ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याच्या वाटेने.

जोडीने इंटरनेटवर शोधणाऱ्यांचा थेट अभ्यासही झालेला आहे. रॉबर्तो गोन्साळेझ-इबान्येझ, मुगे हासेकी आणि चिराग शाह यांचा २०१३ चा एक शोधनिबंध आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ आपल्या भाषेत साधारण असा होईल : ‘चला, मिळून शोधू, पण फार जवळ बसून नको!’ शोधनिबंधाला इतकं बोलकं नाव क्वचितच असतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण देते, म्हणजे वर्गात हे कसं दिसतं ते कळेल. आषाढी वारीच्या दिवसांत मी मुलांना प्रश्न दिला होता : ‘चंद्रभागा नदी कुठे उगम पावते?’ प्रश्न मुद्दाम निवडलेला होता. पंढरपूरला ज्या नदीला आपण चंद्रभागा म्हणतो ती भीमा. तिथे तिचं पात्र चंद्रकोरीसारखं वळतं म्हणून ती चंद्रभागा. तिचा उगम भीमाशंकरला, आणि पुढे ती कृष्णेला मिळते. पण इंटरनेटवर नुसतं ‘चंद्रभागा’ शोधलं तर आणखी दोन चंद्रभागा समोर येतात. एक हिमाचल प्रदेशातली. तिथे लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा अशा दोन नद्या तांडी या ठिकाणी मिळतात आणि पुढे त्या प्रवाहाला चिनाब म्हणतात. दुसरी ओडिशातली, कोणार्कच्या सूर्यमंदिराजवळची. तिथल्या समुद्रकिनाऱ्याचं नावच चंद्रभागा आहे.

एका मोबाईलभोवती दाटीने बसलेल्या दोन्ही गटांनी जे पान पहिलं उघडलं तेच उतरवून घेतलं. एका गटाचं उत्तर भीमाशंकर आलं, दुसऱ्याचं हिमाचल. दोन्ही गट खूश होते, कारण गटात कुणाचाच विरोध नव्हता. विरोध असता तरी तो मांडायला दुसरा पडदा कुठे होता?

तिसऱ्या गटाला मी फोडून बसवलं होतं. दोघं लॅपटॉपवर, दोघं मोबाईलवर लांब खिडकीपाशी, आणि एक मुलगी नकाशाचं पुस्तक घेऊन जमिनीवर. एकमेकांशी बोलायचं नाही, सापडेल ते कागदावर लिहायचं, वेळ दहा मिनिटं. दहा मिनिटांनी ते पाचही जण एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि कागद मधे ठेवले. एका कागदावर हिमाचल, एकावर ओडिशा, आणि नकाशावाल्या मुलीच्या कागदावर ‘पंढरपूरजवळ चंद्रभागा सापडत नाही, भीमा सापडते’. मग जे भांडण झालं ते मी थांबवलं नाही. ‘हिमालयातली नदी पंढरपूरला कशी येईल, मधे नर्मदा लागेल की!’ हे वाक्य चौथीतल्या मुलाचं आहे. नकाशावर बोट ठेवून त्याने ते सिद्ध केलं. हे भांडण व्हायला ती मुलं आधी लांब बसणं गरजेचं होतं आणि नंतर अगदी जवळ. यातला क्रम बदलला असता तर भांडायला काही उरलंच नसतं.

नकाशावाली मुलगी ही एरवी मोबाईलच्या उलट्या बाजूला बसणाऱ्यांपैकी. तिच्या हातात त्या दिवशी तिचं स्वतःचं काहीतरी होतं. अनेक माऊसचा विचार उचलता येतो म्हटलं, तो असा. प्रत्येकाला पडदा देता येत नसेल तर प्रत्येकाला निदान एक साधन आणि एक कागद द्यावा. एकाला मोबाईल, एकाला पाठ्यपुस्तक, एकाला नकाशा, आणि एकाला चक्क पाठवावं शेजारच्या वर्गातल्या सरांकडे किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे. वारीबद्दल आमच्या मावशींना इंटरनेटपेक्षा जास्त माहीत आहे. आणि पुढच्या वेळी साधनं फिरवावीत, नाहीतर नकाशा कायमचा मुलींकडे आणि मोबाईल कायमचा मुलांकडे जातो.

किती वेळ लांब आणि किती वेळ जवळ, याचं काही गणित माझ्याकडे नाही. तिसरी-चौथीला दहा मिनिटांच्या पुढे एकट्याने शोधणं जड जातं, मुलं चुळबुळ करायला लागतात. आणि जी मुलं अजून नीट वाचत नाहीत त्यांना एकटं बसवणं म्हणजे अन्यायच. त्यांच्यासाठी पसरण्याचा टप्पाही जोडीनेच हवा. जोडी म्हणजे दोघंच, शेजारी शेजारी, म्हणजे दोघांनाही अक्षरं सुलटी दिसतात. तीन जण झाले की कुणीतरी बाजूला पडतो. पहिली-दुसरीला तर हा सगळा खटाटोप करूच नये, तिथे गोष्ट सांगावी.

पालकांसाठी थोडं. घरी मूल काही शोधत असतं तेव्हा आपण त्याच्या शेजारी बसतो, हे चांगलंच आहे. पण पाचव्या मिनिटाला मोबाईल आपल्या हातात आलेला असतो. ‘दे इकडे, तुला नाही सापडत.’ स्वयंपाक राहिलेला असतो, धाकटं रडत असतं, घाई समजू शकते. तरी शेजारी बसून हात मात्र मागे ठेवता आले तर बघा. मूल ‘आई, हे काय लिहिलंय?’ विचारेल तेव्हा सांगा. एरवी थोडं लांब, स्वयंपाकघरातून ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहिलात तरी चालेल. दोन भावंडं एका मोबाईलवर शोधत असतील तर धाकट्याला आधी विचारा, ‘तुला काय वाटतं, कुठला शब्द टाकायचा?’ आणि तो शब्द आधी टाकू द्या. मोठ्याचा शब्द टाकला जाणारच असतो. आणि उत्तर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून शाळेत आणलं तर मला जास्त आवडेल, जरी ते जुळत नसलं तरी. जुळत नसेल तर आम्ही सतरंजी टाकून बसतो.